ट्रम्पेटने दिला खो!

कोंबडा आरवतोय. घोडा खिंकाळतोय. गाय हंबरतेय. आणि हे सगळं चाललंय एकाच गाण्यात!

खोटं वाटतं? पण असं गाणं खरंच आहे. २६ फेब्रुवारी १९१७ या दिवशी न्यूयॉर्क शहरात पाच वादकांनी ते रेकॉर्ड केलं. आणि गंमत म्हणजे त्या खोलीत ना कोंबडा होता, ना घोडा, ना गाय!

मग आवाज कुठून आले? ओळख पाहू!

कोंबडा आरवला क्लॅरिनेटमधून. घोडा खिंकाळला कॉर्नेटमधून. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं बुटकं भावंड. आणि गाय हंबरली ट्रॉम्बोनमधून. ती लांबलचक पितळी नळी पाहिली आहेस ना? वादक तिचा दांडा सारखा पुढे-मागे सरकवत असतो, ती!

जॅझ संगीताची ही पहिली रेकॉर्ड. लोकांनी ती धडाधड विकत घेतली.

‘जॅझ’ हे नाव तुझ्या कानावर आलं असेल. पण जॅझ म्हणजे नक्की काय? चल, ते शोधायला आधी शाळेच्या मैदानावर जाऊ.

खो-खो चालू आहे. आठ जण ओळीत बसलेत. एकाचं तोंड इकडे, तर दुसऱ्याचं तिकडे. नववा पळतोय. बसलेले नुसते बसलेत का? छे! सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. पाय तयार. कान टवकारलेले. आणि पाठीत थाप बसते, “खो!” झालं! बसलेला ताडकन उठतो आणि सुटतो. विचार करायला वेळच नाही.

जॅझचा बँड अगदी असाच खेळतो.

आधी सगळे मिळून एक धून वाजवतात. मग एक जण पुढे येतो, समजा ट्रम्पेटवाला. आता मैदान त्याचं! तो त्या धुनेला वळवतो, उडवतो, लांबवतो, तिच्याशी मस्ती करतो. मग मान हलवून किंवा नुसतं डोळ्यांनी खुणावून तो पियानोवाल्याला खो देतो. आता पियानोवाला सुटतो! सगळ्यांच्या पाळ्या झाल्या की शेवटी पुन्हा तीच पहिली धून, सगळे मिळून.

एक फरक मात्र आहे. जॅझमध्ये बसलेले गप्प बसत नाहीत. एकाची पाळी चालू असताना बाकीचे मागे ठेका धरून असतात.

आणि आता सगळ्यात मोठं आश्चर्य. आपल्या पाळीत तो जे वाजवतो ना, ते कुठेही लिहिलेलं नसतं! ते पाठही केलेलं नसतं. ते तिथल्या तिथे, त्याच क्षणी तयार होतं. आज वाजवलेलं उद्या तसंच वाजणार नाही. आपल्याकडे शास्त्रीय गाणं गाणारे कसे ताना घेतात? राग तोच, ताल तोच, पण कालची तान आज नसते. हेही तसंच!

मग हे लोक हरवत कसे नाहीत? कारण सगळे मनात मोजत असतात. जॅझमधला एक आवडता साचा आहे, त्याचं नाव ब्लूज. त्यात १२ घरं असतात आणि प्रत्येक घरात ४ मात्रा. कर गुणाकार! ४८ मात्रांचं एक आवर्तन. ट्रम्पेटवाला कितीही उंच भरारी मारू दे, ४८ संपल्या की सगळे बरोबर एकाच जागी भेटतात. तबलजी आणि गवई समेवर भेटतात तसे!

कुठून आलं हे भन्नाट संगीत?

नकाशात अमेरिका काढ. खाली दक्षिणेला मिसिसिपी नावाची प्रचंड नदी समुद्राला मिळते. तिथे जवळच न्यू ऑर्लिन्स हे बंदर आहे. जहाजं येणार, जहाजं जाणार. फ्रेंच, स्पॅनिश, क्यूबा-हैतीकडचे, असे किती तरी लोक तिथे राहायचे.

आणि तिथे आणखी कितीतरी लोक होते, जे स्वतःच्या मर्जीने आलेच नव्हते. त्यांना आफ्रिकेतून पकडून, साखळ्या घालून जहाजांत कोंबून आणलं होतं. बाजारात विकलं होतं. माणसांना विकलं होतं! त्यांची मुलंसुद्धा जन्मतःच गुलाम ठरायची. दिवसभर शेतात राबायचं, पगार शून्य. फार फार वाईट गोष्ट होती ही.

कितीतरी ठिकाणी मालकांनी या लोकांना ढोल वाजवायचीही बंदी केली. का माहितेय? ढोलाच्या आवाजातून ते एकमेकांना निरोप धाडतील आणि बंड करतील, अशी भीती!

पण न्यू ऑर्लिन्समध्ये एक मोकळी जागा होती, काँगो स्क्वेअर. तिथे दर रविवारी दुपारी त्यांना जमायची परवानगी होती. मग काय! ढोल घुमायचे. मोठी रिंगणं धरून लोक नाचायचे. एक जण ओळ म्हणायचा, बाकीचे उत्तर द्यायचे. भजनात बुवा म्हणतात आणि मागून टाळकरी उचलतात ना, तसं. आठवड्यातली ती एक दुपार त्यांची होती.

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. पण शेतात राबताना गायलेली गाणी, चर्चमधली गाणी, ढोलाचे ठेके लोकांच्या अंगात मुरले होते. आता त्यांच्या हातात ट्रम्पेट आलं, पियानो आला. जुने सूर नव्या वाद्यांत शिरले.

या सुरांत एक खास गोष्ट होती. जरा करून बघ. तू मैदानावर आहेस आणि आई दूर गच्चीत उभी आहे. तिला जोरात हाक मार: “आऽऽऽई!” आवाज एका जागी राहिला का? नाही! तो वरून खाली घसरला. शेतात राबणारे लोक असेच सूर घसरवत एकमेकांना साद घालायचे. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी हे सूर लपलेले असतात. पियानोवर ते सापडतच नाहीत! पण ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन त्यांना बरोबर पकडतात. आपण मींड घेतो तशीच ही घसरण. ऐकताना पोटात कसंसंच होतं, इतकं गोड आणि दुखरं.

न्यू ऑर्लिन्समध्ये बँड सगळीकडे असायचा. सहलीत, मिरवणुकीत, नाचात. अंत्ययात्रेतसुद्धा! जाताना संथ, रडवेली गाणी. दफन झालं की परतताना एकदम उसळती, आनंदी गाणी! मागून रस्त्यावरची मुलं-माणसं रुमाल आणि छत्र्या नाचवत निघायची. आपला माणूस छान जगला, त्याला वाजतगाजत निरोप द्यायचा. तिथे आजही हे चालतं.

मिरवणुकीत मोठा ढोल एक जण वाजवायचा आणि छोटा ड्रम दुसरा. पण नाचाच्या खोलीत दाटी व्हायची. मग कुणीतरी युक्ती काढली. मोठा ढोल जमिनीवर आडवा ठेवायचा आणि पायाने दाबायचं पेडल लावून तो बडवायचा. हात मोकळे झाले की दुसरे ड्रम, झांजा, सगळं एकट्याने! असा जन्मला ड्रमसेट. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात, शाळेच्या कार्यक्रमात तू जो ड्रमसेट बघतेस किंवा बघतोस ना, तो जॅझवाल्यांच्या या खटपटीतून आलाय. दोन हात, दोन पाय, चौघांचं काम वेगळं!

त्या काळात न्यू ऑर्लिन्समध्ये बडी बोल्डन नावाचा एक कॉर्नेटवाला होता. जुने लोक सांगायचे, त्याचा कॉर्नेट मैलभर लांब ऐकू यायचा! कितीतरी जण त्याला जॅझचा पहिला राजा म्हणतात. आणि त्याची एकही रेकॉर्ड आज नाही. एकही नाही! तो आजारी पडला, १९०७ मध्ये इस्पितळात गेला आणि तिथून परत आलाच नाही. त्याचा आवाज आता जगात कुणालाच ऐकता येणार नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

पण त्याच शहरात एक लहान मुलगा मोठा होत होता. त्याला मात्र आपण ऐकू शकतो.

त्याचं नाव लुईस आर्मस्ट्राँग. जन्म १९०१. घरात इतकी गरिबी की तो लहानपणीच कामाला लागला. कार्नोफ्स्की नावाचं एक ज्यू कुटुंब होतं. ते गाडीवरून भंगार गोळा करायचे, कोळसा विकायचे. लुईस त्यांच्या गाडीवर बसून पत्र्याची पिपाणी फुंकायचा, म्हणजे गिऱ्हाइकांना कळावं, गाडी आली! पिपाणी ऐकून पोरं धावत यायची. मग एका दुकानात त्याला जुना कॉर्नेट दिसला. किंमत ५ डॉलर! एवढे पैसे कुठले? कार्नोफ्स्कींनी थोडे पैसे उसने दिले आणि लुईसने ते कामातून फेडले. ही आठवण त्याने स्वतः लिहून ठेवली आहे.

मग एक भलतंच घडलं. १९१२ सालची शेवटची रात्र. नवीन वर्षाच्या जल्लोषात अकरा वर्षांच्या लुईसने हवेत पिस्तूल उडवलं! पोलिसांनी पकडलं आणि मुलांच्या सुधारगृहात धाडलं. रडू आलं असेल ना त्याला? पण ऐक पुढे. त्या सुधारगृहात मुलांचा बँड होता! पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक होते. त्यांनी आधी त्याला खंजिरी दिली. मग बिगुल दिला. आणि मग दिला कॉर्नेट. पोरगा असा वाजवायला लागला की पुढे तोच त्या बँडचा म्होरक्या झाला.

१९२२ मध्ये लुईस रेल्वेत बसून शिकागोला गेला. तेव्हा दक्षिणेतले लाखो कृष्णवर्णीय लोक असेच उत्तरेकडच्या शहरांत चालले होते. दक्षिणेत त्यांना वेगळं बसवायचे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ. उत्तरेत निदान काम तरी बरं मिळायचं. त्यांच्याबरोबर जॅझही आगगाडीत चढला!

तेव्हा रेकॉर्डिंगला माइक नव्हता. भिंतीत एक मोठा कर्णा बसवलेला असायचा. सगळ्यांनी त्याच्यासमोर उभं राहून वाजवायचं, बस! १९२३ मध्ये लुईस पहिल्यांदा रेकॉर्डिंगला गेला आणि पंचाईत झाली. त्याचा आवाज इतका दणदणीत की बाकी कुणी ऐकूच येईना! शेवटी त्याला एकट्याला पार मागे कोपऱ्यात उभं केलं. बिचारा हिरमुसला. त्याच बँडमध्ये पियानो वाजवणारी लिल हार्डिन ही गोष्ट सांगायची.

लुईस गायचासुद्धा. आवाज असा खरखरीत की एकदा ऐकलास की जन्मभर ओळखशील. १९२६ मध्ये तो एक गाणं रेकॉर्ड करत होता. म्हणतात की मधेच शब्दांचा कागद हातातून खाली पडला! थांबलं तर रेकॉर्ड वाया. मग त्याने काय केलं असेल? शब्दांऐवजी तोंडाला येतील ते बोल गायला सुरुवात केली! बाप-डी-बू-डॅप, असं काहीबाही. ती रेकॉर्ड तुफान गाजली आणि जो तो तसं गायला लागला. आपल्या तराण्यात नाही का, “तोम तनन देरे ना”? शब्दांना अर्थ नाही, पण गाणं झकास!

आता स्वयंपाकघरात जा. स्टीलचा डबा आण आणि एक चमचा. (आधी विचार हं!)

एक, दोन, तीन, चार, असं सारखं मोजत राहा. आपण टाळी बहुतेक ‘एक’ वर देतो. आता ती ‘दोन’ आणि ‘चार’ वर दे. अवघड जातंय? जमेल! आता चमच्याने डब्याच्या झाकणावर वाजव: टन्ऽ, टन्ऽ-ट, टन्ऽ, टन्ऽ-ट. मधला ‘ट’ किंचित उशिरा, पुढच्या ‘टन्’ला चिकटून. बघ, मान आपोआप डुलायला लागली! या डुलण्यालाच स्विंग म्हणतात.

१९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अख्खी अमेरिका या ठेक्यावर नाचली. बँड केवढाले! पंधरा-पंधरा वादक. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात सॅव्हॉय नावाचा नाचाचा हॉल होता. तिथे गोरे आणि काळे एकाच फरशीवर नाचायचे. हे सांगण्यासारखं का? कारण त्याच भागातल्या कॉटन क्लबमध्ये रंगमंचावर कृष्णवर्णीय वादक आणि समोर प्रेक्षकांत फक्त गोरे! वाजवणाऱ्याच्या घरच्यांना आत येऊन ऐकायलाही बंदी. किती अन्याय!

त्या क्लबमध्ये १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा बँड वाजायचा. आणि या बँडचं एक गुपित होतं. त्यांचे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन चक्क बोलायचे! वाऽव-वाऽव करायचे, गुरगुरायचे. कशामुळे? ओळख पाहू!

हरलास? हरलीस? ऐक तर. मोरी तुंबली की दांड्याला लावलेली रबरी वाटी दाबून पाणी मोकळं करतात ना? त्यातला दांडा काढून टाकायचा आणि ती रबरी वाटी ट्रम्पेटच्या तोंडावर धरायची! झाकली की ‘व’, उघडली की ‘आऽ’. झाक-उघड, झाक-उघड! मोरी साफ करायची वस्तू, आणि तिच्यातून एवढं सुंदर संगीत!

तू पण आत्ता करू शकशील. तोंडासमोर हाताची ओंजळ धरून “आऽऽ” म्हण आणि ओंजळ उघड-मीट कर. आलं ना?

या ड्यूक एलिंग्टनचा बँड १९६३ मध्ये भारतात आला होता. दिल्लीत त्यांचा साथीदार बिली स्ट्रेहॉर्न याच्या खोलीपाशी एक मैना यायची. ती एक सुरेख तान घ्यायची. तो खूश व्हायचा. आणि शेवटी ती “प्रर्रर्र!” असा वेडावल्यासारखा आवाज काढायची! मोठ्या संगीतकाराला मैनेने वेडावलं! त्याने काय केलं? तिच्यावर एक धूनच रचली. त्यात मैना होते क्लॅरिनेट. म्हणजे बघ, क्लॅरिनेट १९१७ मध्ये कोंबडा झालं होतं, आता दिल्लीची मैना झालं.

स्विंगच्या काळातलीच एक मुलगी. एला फिट्झगेराल्ड. वय १७. आई वारली होती, राहायला धड घर नव्हतं. नोव्हेंबर १९३४ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांची स्पर्धा होती. एलाने नाव दिलं, कशासाठी? नाचासाठी! पण तिच्या आधी दोन बहिणी अशा काही नाचल्या की हिचे पायच थरथरायला लागले. आता? ती रंगमंचावर गेली आणि ऐन वेळी गायला लागली. आणि पहिलं बक्षीस पटकावलं! चार वर्षांनी तिने हरवलेल्या परडीचं एक बडबडगीत जॅझ करून गायलं आणि ते सगळ्या देशाच्या तोंडी झालं. हो, बालवाडीतलं बडबडगीत!

हीच एला १९६० मध्ये जर्मनीत बर्लिनला गात होती. हजारो लोक समोर. आणि मधेच ती शब्द विसरली! स्नेहसंमेलनात असं झालं की आपण विंगेकडे बघतो. एलाने बघितलंच नाही. शब्द विसरल्याचंच गाणं तिने तिथल्या तिथे जुळवलं आणि सुरात गात सुटली! टाळ्यांचा कडकडाट. आणि ग्रॅमी नावाचं मोठं बक्षीस त्याच गाण्याला मिळालं. शब्द विसरलेल्या गाण्याला!

इथे मला पुन्हा खो-खो आठवतो. खो मिळाल्यावर तू एकदा एका दिशेला पाऊल टाकलंस की मागे वळता येत नाही. वळलं की फाउल. जॅझमध्येही वाजवलेला सूर परत घेता येत नाही. खोडरबरच नाही! मग चुकलं तर?

हर्बी हॅनकॉक या पियानोवादकाने याची एक गोष्ट सांगितली आहे. तो तरुण होता आणि प्रसिद्ध ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या बँडमध्ये होता. भर कार्यक्रमात, माइल्सची पाळी रंगात आलेली असताना, हर्बीने पियानोवर साफ चुकीचे सूर दाबले. त्याने कानांवर हातच ठेवले! माइल्स क्षणभर थांबला. आणि त्याने असे काही सूर वाजवले की हर्बीचे चुकलेले सूर त्यांत फिट्ट बसले. जणू ते तसेच हवे होते! माइल्सने चूक म्हणून ऐकलंच नव्हतं. त्याने ऐकलं, हे आत्ता वाजलंय, आता याच्या पुढे काय?

असे कान असलेला गडी आपल्या संघात हवा, हो ना?

चुका काय, अपघातसुद्धा जॅझला चालतात! डिझी गिलेस्पीचं ट्रम्पेट बघ. त्याचं तोंड सरळ नाही, आकाशाकडे वळलेलं आहे! १९५३ मध्ये एका पार्टीत कुणीतरी त्याच्या ट्रम्पेटवर धपकन पडलं आणि ते वाकलं. डिझी चिडला असेल? त्याने ते तसंच वाजवून पाहिलं. आवाज आवडला! मग तो मुद्दाम वाकडी ट्रम्पेटं बनवून घ्यायला लागला. आणि वाजवताना त्याचे गाल? फुगे! दोन बाजूंना दोन टम्म फुगे. त्याचा फोटो नक्की शोध.

डिझी आणि त्याचा दोस्त चार्ली पार्कर यांनी १९४० नंतर जॅझला जो वेग दिला ना! मिनिटाला ३०० ठोके. म्हणजे सेकंदाला ५! नाचणाऱ्यांचे पाय थांबले, सगळे नुसते आ वासून ऐकायला लागले. या जॅझला बीबॉप म्हणतात. मग काही वर्षांनी माइल्स डेव्हिस आणि इतर म्हणाले, अरे जरा सावकाश! आणि शांत, गार वाऱ्यासारखा कूल जॅझ आला.

चार्ली पार्कर सॅक्सोफोन वाजवायचा. १८४० च्या दशकात बेल्जियमच्या ॲडॉल्फ साक्सने ते वाद्य शोधलं. ते पितळेचं असतं, पण त्याची गणती लाकडी वाद्यांत होते! कारण फुंकायच्या जागी वेताची पातळ पट्टी असते आणि तीच थरथरते. आता याहून अजब ऐक. १९५३ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या एका मोठ्या कार्यक्रमात चार्ली पार्करने सॅक्सोफोन वाजवला तो प्लॅस्टिकचा! त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड आजही लोक जीव टाकून ऐकतात.

थोडं चालून बघू? उभं राहा. डावा पाय ‘एक’ वर टाक. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. प्रत्येक ‘एक’ला डावाच पाय येतो. आता पाचपर्यंत मोज आणि चाल. अरेच्चा! पहिल्यांदा ‘एक’ला डावा, पुढच्या वेळी उजवा! १९५९ मध्ये डेव्ह ब्रुबेकच्या बँडने अशा ५ मात्रांची धून काढली. रचली होती त्याच्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेझमंडने. ‘टेक फाइव्ह’ हे तिचं नाव. चारच्या सवयीच्या लोकांना नवल वाटलं. आपला झपताल १० मात्रांचा, म्हणून आपले कान जरा लवकर रुळतात. हा ब्रुबेक आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतात येऊन आपल्या वादकांबरोबर वाजवूनही गेला होता.

आता ओळख, चिक चॉकलेट म्हणजे काय?

गोळी? वडी? आइस्क्रीम? मुळीच नाही. तो माणूस होता!

झालं असं की १९३५ मध्ये लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मुंबईकरांनी असला ठेका समोरासमोर ऐकला आणि वेड लागलं. आणि सगळ्यात जास्त वेड लागलं गोव्याच्या वादकांना. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलं व्हायोलिन शिकायची, कागदावरचे पाश्चात्त्य सूर घडाघडा वाचायची. पोटासाठी ही मंडळी मुंबईला आली होती. त्यांनी जॅझ झेलला!

त्यांतलाच हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट वाजवायचा. लोक त्याला भारताचा लुईस आर्मस्ट्राँग म्हणायचे. बँडमधलं त्याचं नाव चिक चॉकलेट!

रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा? दिवसा ही गोव्याची मंडळी हिंदी सिनेमाची गाणी वाजवायला स्टुडिओत जायची. संगीतकार चाल गुणगुणायचा आणि हे लोक कुणी काय वाजवायचं ते भराभर कागदावर लिहून काढायचे. त्यांतले एक अँथनी गोन्साल्विस. ओळखीचं वाटलं ना नाव? १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ सिनेमातल्या गाण्यात अमिताभ बच्चन मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन हेच नाव सांगतो! ते या खऱ्या अँथनी सरांचं नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं होतं.

आणि चिक चॉकलेट? त्याची जोडी जमली सी. रामचंद्र यांच्याशी. रामचंद्र चितळकर, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. शहीद जवानांची आठवण काढणारं, लता मंगेशकरांनी १९६३ मध्ये दिल्लीत गायलेलं ते गाणं तू १५ ऑगस्टला दरवर्षी ऐकतेस किंवा ऐकतोस ना? त्याची चाल यांचीच! हेच रामचंद्र जॅझचे दिवाने होते. १९५१ मध्ये भगवानदादांचा ‘अलबेला’ सिनेमा आला. रामचंद्रांच्या चाली, चिक चॉकलेटचं ट्रम्पेट, भगवानदादांचा नाच. थिएटरमध्ये लोक उठून नाचायचे!

‘अलबेला’ आजही बघायला मिळतो. आजी-आजोबांना घेऊन बस. त्यांना सगळी गाणी पाठ असतील, बघ. एका गाण्यात चिक चॉकलेट आणि त्याचे वादक खुद्द पडद्यावर आहेत. ट्रम्पेटवाला दिसला रे दिसला की सिनेमा थांबव आणि आजोबांना विचार, “हा कोण, सांगा पाहू?” गाणं त्यांना येत असेल, पण हे नाव बहुतेक तुलाच सांगावं लागेल!